डॅन्यूबची ओटी

मे महिना लागला की आमच्या सोसायटीत बॅगा उन्हात पडतात. पूर्वी कुरडया पडायच्या. पण मानपाडा रोडच्या आतल्या आमच्या या जुन्या बिल्डिंगमध्ये वाळवणं घालण्याची हौस आता दोघीतिघींतच उरली आहे. बॅगा मात्र प्रत्येक गॅलरीत दिसतात. माळ्यावरून काढलेल्या, तोंड उघडून ठेवलेल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास सोडणाऱ्या. तो वास नाकात गेला की लोकांना गाव आठवतं, फणस आठवतात. मला परवापरवापर्यंत तसंच व्हायचं. गेल्या वर्षापासून मात्र मला एक लांबच लांब, पांढरी, बसकी बोट आठवते.

काल दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकू आल्या. ती दोघं नवरा-बायको पुढच्या आठवड्यात युरोपात नदीवरच्या बोटीने फिरायला निघाली आहेत. "सुजाता, तू जाऊन आलीयेस ना गं, सांग की काय काय असतं," असं म्हणून त्या स्टुलावर बसल्या. मी दहावीचे क्लास घेते. मला कुणी 'सांग' म्हटलं की मी फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलते आणि घंटा व्हायची वाट बघत नाही.

"बोट लागते का गं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आमचाही तोच होता. आवळासुपारी, लिंबं, सुंठीची पूड, ओकाऱ्या थांबवायच्या गोळ्या असं सगळं आम्ही नेलेलं. माझे यजमान श्रीकांत यांनी तर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठाही घेतला होता, का ते विचारू नका. बुडापेस्टला बोटीवर चढलो, जेवलो, झोपलो. सकाळी मी पडदा सारला आणि विचारलं, "सुटली का बोट?" समोर झाडं चालत होती. एक माणूस कुत्रा घेऊन काठाने जात होता आणि आम्ही त्याला हळूच मागे टाकत होतो. बोट सुटून किती वेळ झाला होता देव जाणे. पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नव्हतं. लिंबांचं आम्ही शेवटी सरबत करून प्यायलो.

नदीवरची बोट म्हणजे समुद्रावरचं ते गावाएवढं जहाज नव्हे, हे काकूंना समजवायला मला वेळ लागला. खोली आमच्या स्वयंपाकघराएवढी. पण खिडकी भिंतभर, आणि खिडकीच्या खाली लगेच पाणी. बोट थांबते तीच शहराच्या मध्यात. उतरलं की समोर चर्च, बाजूला कॉफीचं दुकान, रिक्षा शोधायची भानगड नाही. कानात एक यंत्र देतात, त्यातून गाइड बाई बोलत असतात. तुम्ही मागे राहून दुकानात डोकावत असलात तरी त्या कानातच असतात, शाळेतल्या बाईंसारख्या. रस्ते दगडांचे, गुडघ्यांची परीक्षा घेणारे. जेवण चारी ठाव, पण मिठाची आठवण घरूनच न्यायची. आमच्या सासूबाईंनी पहिल्या रात्री पुढ्यात आलेला मासा काट्याने उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "याला आजारपणातून उठवून आणलाय का?" त्यांचं माहेर ठाण्याचं कोपरी. सगळं लहानपण खाडीकाठच्या मासळीबाजारात गेलेलं. माशाच्या बाबतीत त्या कुणालाही माफ करत नाहीत.

सासूबाईंना मी आईच म्हणते. वय त्र्याहत्तर, उंची बेताची, शब्द मोजके आणि धारदार. बोटीच्या गच्चीवरची पहिली खुर्ची त्यांची. पूल आला की तिथले खलाशी हसत हसत कठडे खाली पाडायचे आणि सगळ्यांना बसून राहा म्हणायचे, कारण पूल डोक्यावरून हात लावता येईल इतक्या जवळून जायचा. गोरे आजी-आजोबा "ओ" करून माना खाली घालायचे. आई मान वर करून पुलाच्या पोटाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "रंग काढायला हवाय." आमची ही डॅन्यूब नदी निळी असते असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. त्यांनी पाणी बघितलं आणि निकाल दिला, "आपल्या खाडीच्याच रंगाची आहे. बरं वाटलं."

आणि तो दरवाजा! नदीला पायरी असते तिथे बोट एका उंच भिंतींच्या हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, हौदात पाणी भरतं आणि बोट वर वर चढते. खिडकीतून शेवाळलेली ओली भिंत हातभर अंतरावर. खोलीत अंधार, मग अर्धी भिंत, मग एकदम ऊन, आणि ऊन पडलेलं गवत. आईंनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. श्रीकांत म्हणाला, "आपल्या लिफ्टपेक्षा बरी आहे, मधेच अडकत नाही." मी त्या दिवशी लहान मुलीसारखी बोटभर धावले, या खिडकीतून त्या खिडकीत.

एक अडचण मात्र कुणी सांगितली नव्हती. तिथे मे महिन्यात सूर्य नऊ वाजत आले तरी मावळायला तयार नसतो. आईंची दिवेलागण होईना. सात वाजता त्या हातपाय धुऊन बसायच्या आणि बाहेर लख्ख ऊन. "हा अजून ड्यूटीवरच आहे," असं म्हणत त्या बसून राहायच्या. बोटीवर काडी पेटवायला बंदी, म्हणून मी डोंबिवलीहून सेलवरची पणती नेली होती. ती कधी लावायची यावर आम्ही रोज विचारविनिमय करायचो. शेवटी त्यांनी ठरवलं, डोंबिवलीच्या सातला लावायची. म्हणजे तिथल्या दुपारी साडेतीनला, चहाला जाता जाता, आमच्या खोलीत पणती मिणमिणायला लागली आणि आईंनी तिला नमस्कार केला. घर सोडून इतक्या लांब आलो तरी त्यांचं घड्याळ घरीच होतं.

काकू हसत होत्या. मग त्यांनी विचारलं, "पण तुम्ही नदीच का निवडली? सगळे स्वित्झर्लंडला जातात." तेव्हा मात्र मी चहा ठेवायला उठले. ती गोष्ट फळ्यावर लिहून सांगण्यासारखी नाही.

श्रीकांतची धाकटी बहीण मेघा शिकायला ऑस्ट्रियाला गेली आणि तिथेच मार्टिनशी लग्न करून राहिली. माझे सासरे, अण्णा, रागाच्या भरात फोनवर म्हणाले, "आता या घराचा उंबरा चढू नकोस." अण्णांचा राग लवकर यायचा आणि उशिरा जायचा. हा राग जायच्या आधी अण्णाच गेले. मेघा तेव्हाही आली नाही. "ज्यांनी येऊ नको म्हटलं, तेच आता ये म्हणायला नाहीत ना वहिनी," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर मायलेकींचं व्हिडिओवर बोलणं सुरू झालं, पण ते हवापाण्याचं. तिकडे बर्फ, इकडे घाम.

"मग आपण जाऊ तिच्याकडे," मी आईंना किती वेळा म्हटलं असेल! पण आईंचं आपलं एक घट्ट गाठोडं आहे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी मुक्काम करायचा नाही, तिच्या घरचं अन्न तोंडात घालायचं नाही. त्यांच्या आईने पाळलं, त्यांनी पाळायचं. आणि मेघा-मार्टिनने मूल नको असं ठरवलेलं. म्हणजे हे गाठोडं कधी सुटणारच नाही. लेक उंबरा चढेना, आई लेकीच्या घरचं पाणी पिईना. दोघी एकमेकींवर जीव टाकणाऱ्या, आणि दोघी तितक्याच हट्टी. मधे सात समुद्र होतेच, त्यात हा आठवा.

मग सहलीच्या आदल्या वर्षी मेमध्ये, क्लासला सुट्टी लागलेली असताना, मी मोबाइलवर तो नदीवरच्या सहलीचा नकाशा बघितला. बुडापेस्ट, व्हिएन्ना, पुढे लिंत्स. लिंत्स! मेघाचं गाव! बोट गावात थांबणार, तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी स्वयंपाकघरात उडी मारली, कुकरची शिट्टी झाली नव्हती तरी गॅस बंद केला. बोट म्हणजे कुणाचं घर नाही. ना माहेर, ना सासर. तिथे कुठला उंबरा आणि कुणाचं अन्न! मी मेघाला फोन लावला. तिने दोनदा तारीख विचारून घेतली. मग म्हणाली, "बोटीवर येईन गं. धक्क्यापर्यंत यायला काय."

आई मात्र मेघाचं नावही न काढता तयार झाल्या. "गंगा राहिली, निदान ही तरी नदी बघू," म्हणाल्या. "नदी बघायला गेलं की तिची ओटी भरायला हवी." त्यांनी तांदूळ घेतले, खण, हळकुंड, सुपारी, बदाम, हळदकुंकवाच्या पुड्या. नारळ विमानात चालतो का यावर सोसायटीत दोन पक्ष पडले, म्हणून तो तिकडेच घ्यायचा ठरला. बॅग भरताना तळाशी मला एक मोरपंखी साडी सापडली. नदीची. मी उलगडून बघितली, तर तिला फॉल लावलेला, पिको केलेला. मला हसू आवरेना. नदीला फॉल-पिको कशाला?

आणि मग व्हिएन्नात बोट थांबली ती थांबलीच. संध्याकाळी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. बोटीवरची एवा नावाची ठेंगणी, हसरी बाई रोज तिथे उद्याचा कार्यक्रम सांगायची. त्या दिवशी ती हसली नाही. वरच्या अंगाला फार पाऊस झालाय, नदी चढली आहे, पुलांखालून बोट जाणार नाही. पुढचा प्रवास बसने, डोंगरावरचा एक मठ दाखवू. लिंत्स रद्द. असं होतं म्हणे कधीकधी. पाणी वाढलं तरी थांबते, आटलं तरी थांबते. काकू, हे मात्र लक्षात ठेवा, नदीची सहल नदीच्या मर्जीने चालते.

आईंना मी ते मराठीत सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे काळू नदीला पाणी आल्यावर आपला रस्ता बंद होतो तसं?" "तसंच." "मग काय करणार," म्हणाल्या, आणि पणतीचा सेल काढून पुन्हा बसवत राहिल्या.  मला रडू आलं. इतक्या लांबून आणलेली ही बाई, आणि लेक दीड तासाच्या गाडीवर. श्रीकांत म्हणाला, "आपण जाऊ गाडीने तिच्या घरी." आईंनी नुसती मान हलवली, आडवी. "नदीवर भेटायचं ठरलेलं. घरी जायचं ठरलेलं नाही."

मी मेघाला निरोप पाठवला. बोट येत नाही, आम्ही व्हिएन्नातच, तू येशील का? तिचं उत्तर आलं, "बघते." आपल्याकडे 'बघते' म्हणजे काय, ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. मी तो एक शब्द पुन्हा पुन्हा वाचला. धक्क्यापर्यंत येणं वेगळं. गाडी पकडून आईसाठी येणं म्हणजे हट्ट सोडणं.

सकाळी आम्ही मठाची बस सोडली आणि श्रीकांत बाजारातून नारळ घेऊन आला. त्याने तिथे प्रत्येक नारळ कानाशी धरून हलवून बघितला म्हणे, दुकानदार बघतच राहिला. आई चापूनचोपून नेसून तयार होत्या. "कुणाला भेटायचंय?" मी चेष्टेने विचारलं. "नदीला," त्या म्हणाल्या आणि दाराकडे बघत बसल्या.

नदी चढल्यामुळे धक्क्यावर बोटींची गर्दी झाली होती. आमच्या बोटीला धक्का मिळालाच नव्हता. ती दुसऱ्या एका बोटीच्या अंगाला बांधलेली. म्हणजे किनाऱ्यावर जायचं तर त्या परक्या बोटीच्या दिवाणखान्यातून, तिथल्या लोकांचे चहाचे कप ओलांडत जायचं, आणि मधे एक छोटी फळी. दुपारी एवाने खोलीत फोन केला. कुणी बाई आल्यात, तुमचं नाव सांगतायत.

आम्ही धावलो. त्या बोटीच्या पलीकडच्या दारातून, नॅपकिन लावून बसलेल्या माणसांमधून, जीन्स घातलेली, केस कापलेली, हातात डबा धरलेली आमची मेघा येत होती. चालता चालता ती पळायला लागली. फळीपाशी आली आणि आईंचा आवाज आला, "थांब! तिथेच थांब!"

 मेघा एक पाय फळीवर ठेवून खिळली. तिच्या चेहऱ्यावर ती उंबऱ्याची जुनी गोष्ट स्पष्ट दिसली मला. पण आईंनी पदराखालून न्याहारीच्या टेबलावरचा एक गोल पाव आणि पाण्याचा पेला काढला. पाव मोडला, तुकडा आणि पाणी लेकीवरून तीनदा ओवाळलं, आणि दोन बोटींच्या मधल्या फटीतून खाली नदीत टाकलं. भाकरी नव्हती, पावाचा तुकडा होता, पण भाकरतुकडाच तो. माहेरी आलेल्या लेकीवरून आपल्याकडे दारात ओवाळतात. "आता ये," आई म्हणाल्या. "उजवा पाय." समोरच्या बोटीतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एवा डोळे पुसत होती, कशासाठी ते तिलाही माहीत नसेल.

खोलीत होतो चौघंच, पण दाटी दहा माणसांची, आणि सगळे एकदम बोलत होतो. मेघाने डबा उघडला. आत जाळीची नक्षी असलेला जॅमचा केक होता. आईंनी बघितलं आणि हात मागे घेतला. "हे तुझ्या घरचं?"

मेघाच्या बाहीला पीठ लागलेलं मला दिसत होतं. आईंनाही दिसत असणार. मेघा म्हणाली, "दुकानातलं आहे गं. स्टेशनवर घेतलं."

आईंनी मोठा तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. "दुकानातला असून बरा जमलाय," त्या म्हणाल्या. "दालचिनी अंमळ कमी घालायला सांग त्या दुकानदाराला." मेघा इतकी हसली की तिचं हसणं कधी रडणं झालं ते कळलंच नाही. आईंनी तिला कुशीत घेतलं आणि तिच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

मग त्यांनी बॅगेतून ती मोरपंखी साडी काढली. "नदीची होती," म्हणाल्या. मी ती मेघाच्या जीन्सवरूनच कमरेला कशीबशी गुंडाळली आणि पदर खांद्यावरून पुढे आणला. तिला पलंगावर पूर्वेकडे तोंड करून बसवायचं होतं, पण बोटीत पूर्व कुठे ते कुणालाच कळेना. श्रीकांतने मोबाइलमध्ये बघून सांगितली. आईंनी कुंकू लावलं, पदरात नारळ ठेवला, खण, हळकुंड, सुपारी, आणि ओंजळीने तांदूळ. लग्नाच्या वेळी जी ओटी भरायची राहिली होती, ती ही. त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. एकदा मला वाटलं अण्णांचं नाव ऐकलं.

ओटी भरून झाली.  मी मेघाकडे बघत होते. इतकी वर्षं तिकडे राहिलेली मुलगी, तिला काय आठवणार, मी आता सांगावं का, असा विचार माझ्या मनात येतोय तोवर तिने पदरात हात घातला. चिमूटभर तांदूळ काढले आणि आईंच्या ताटात परत ठेवले. कुणीही न सांगता. भरलेल्या ओटीतले चार दाणे लेक माघारी ठेवते, आपल्या मागे माहेर रिकामं राहू नये म्हणून.

आई त्या दाण्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघ सुजाता, या नदीने बोट अडवली म्हणून लेक आली. नाहीतर मीच तिच्या गावी गेले असते. माहेरपणाला कधी आई जाते का? लेकीनेच यायचं असतं." संध्याकाळी मेघाला निरोप देऊन आल्यावर त्या गच्चीवर गेल्या आणि त्या भुऱ्या, फुगलेल्या पाण्याला म्हणाल्या, "बाई, तुझी साडी गेली हो. तुझ्या वाट्याला पावाचा तुकडाच आला. पोरीने नेली, राग धरू नकोस."

कुलकर्णी काकूंचा चहा कधीचा निवला होता. जाताना त्या म्हणाल्या, "मग मी पण तांदूळ नेऊ का?" "न्या," मी म्हटलं. "लिंबं राहू द्या, तांदूळ न्या."

ते चार दाणे आईंनी रुमालाच्या टोकाला बांधून डोंबिवलीला आणले आणि तांदळाच्या डब्यात टाकले. डबा आम्ही तळाला जाऊ देत नाही, थोडे उरले की वर नवे ओततो. त्यामुळे ते दाणे अजून त्यातच असतील किंवा कधीच आमच्या पोटात गेले असतील, सांगता यायचं नाही. आमच्याही गॅलरीत आज एक बॅग उन्हात पडली आहे, पण ती कुठे जाण्यासाठी नाही. मेघाचे कपडे ठेवायला रिकामी केली आहे. शनिवारी तिचं विमान उतरतंय. सकाळपासून आईंनी मला तीनदा विचारलं, ज्वारीचं पीठ ताजं आहे ना. या वेळी पाव चालणार नाही म्हणे, या वेळी दार आपलं आहे.